घर मजुरीवर बांधून घ्यायचं की साहित्यासकट गुत्त्यानं (ठेक्यानं) द्यायचं? (३०×४० फूट, बेळगावजवळ यळ्ळूर हद्द, काळी माती)

यळ्ळूर_रोड

नमस्कार मंडळी. ३०×४० ची जागा आहे, ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ हातात आहेत. तळमजला ८५० चौरस फूट, वर पुढेमागे एक मजला चढवायचा विचार. माती काळी. दिवाळीनंतर काम धरायचं आहे. तीन प्रकारचे दर आलेत:

१) साहित्यासकट सगळं गुत्त्यानं, चावी हातात.
२) फक्त मजुरी, साहित्य आपण आणायचं.
३) पायापासून स्लॅबपर्यंतचा आरसीसी सांगाडा गुत्त्यानं, पुढची वीट, गिलावा, फरशी, लाईट, नळ आपण.

घरातलं कोणीतरी सकाळी तासभर जागेवर जाऊ शकतं, दिवसभर नाही. कशात काय अडतं ते नेमकं सांगा की.

ओळंबा

पैशाआधी वेळेचा हिशेब करा. मजुरीवरच्या कामात मालक हाच ठेकेदार असतो. सकाळी साडेनऊला गँग आली आणि सिमेंट संपलेलं निघालं, की गँग दुसऱ्या कामावर जाते आणि मग चार दिवस फिरकत नाही. ८५० चौ. फुटांच्या घराला निदान सात वेगळी माणसं सांभाळावी लागतात: जेसीबीवाला, सळईचा फिटर, सेंट्रिंगवाला, गवंडी, नळवाला, वायरिंगवाला, फरशीवाला. प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या कामावर अडलेलं असतं. स्लॅबच्या आदल्या दिवशी वायरिंगवाला आला नाही तर पाईप आणि पंख्याच्या हुकाचे डबे राहतात, आणि पुढे तोच स्लॅब छिन्नीनं फोडावा लागतो.

मजुरीत पैसे वाचतात ते दोन ठिकाणी. एक, ठेकेदाराचा नफा. दोन, कर. स्वतःच्या एकट्या घराचं फक्त मजुरीचं काम असेल तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. नोंदणी असलेल्या ठेकेदारानं साहित्यासकट बिल केलं तर पूर्ण बिलावर १८ टक्के लागतात. सिमेंट-सळईवरचा कर मात्र दुकानात तुम्हीच भरता. सिमेंटचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. त्यामुळे दर विचारताना "जीएसटी धरून की सोडून" हे लिहून घ्या. तोंडी दर नेहमी सोडून असतो.

सकाळचा तास एवढीच सवड असेल तर पर्याय २ तुमच्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत.

लाल_माती

दरावर बोलायच्या आधी खड्डे घ्या. जागेच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि मध्ये एक, असे तीन, मुरूम लागेपर्यंत. जेसीबीचं तासाभराचं काम आहे.

यळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) त्या थरात राहिलं तर घर दरवर्षी वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते, दार चौकटीत अडकतं. म्हणून फुटिंग काळ्या मातीच्या खाली, टणक मुरमावरच बसलं पाहिजे.

भांडण लागतं ते इथंच. बहुतेक दर "५ फूट खोलीपर्यंत" असतात. मुरूम ७ फुटांवर लागला तर? ९ खड्डे, प्रत्येकी ६×६, दोन फूट जास्त, म्हणजे ६४८ घनफूट, साडेसहा ब्रास जादा खोदाई. शिवाय प्रत्येक कॉलम दोन फूट लांब आणि भरणीला तेवढाच जादा मुरूम. हा आकडा आधी माहीत असेल तर दरात धरता येतो. नाहीतर काम सुरू झाल्यावर ठेकेदार सांगेल तो "एक्स्ट्रा" द्यावा लागतो, किंवा तो ५ फुटांवरच थांबतो आणि वरून काहीच दिसत नाही.

आणखी तीन गोष्टी. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरू देऊ नका. ट्रॉलीभाडं वाचावं म्हणून ती हमखास भरली जाते. मुरूमच भरा, नऊ-नऊ इंचांच्या थरानं, पाणी मारून, धुमस करून. दुसरं, प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईच्या) पोटाला काळी माती टेकू देऊ नका, खाली तीनेक इंच पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जात नाही. तिसरं, घराभोवती तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला. पायाशी पाणी मुरलं नाही की माती शांत राहते.

हिंडलगा, उचगाव किंवा खानापूरकडं तांबडी माती असते तिथं हा त्रास नाही, पण वाळवी असते. जोत्याची भरणी झाल्यावर, कोबा करायच्या आधी, वाळवीच्या औषधाचं मिश्रण चौरस मीटरला ५ लिटर याप्रमाणे मुरायला हवं. गुत्त्याच्या यादीत हे बहुधा नसतं.

यळ्ळूर_रोड

खड्ड्यांचं पटलं, या आठवड्यातच घेतो. एक शंका: पहिल्या दरवाला म्हणतो, तळमजल्याच्या घराला स्ट्रक्चरल ड्रॉइंग लागत नाही, १२ ची सळई टाकतो, १५-२० घरं केलीत म्हणून.

चार_सूत

लागतं. तुम्हाला वर मजला चढवायचा आहे, तर फुटिंग आणि कॉलम आजच दोन मजल्यांच्या भाराचे हवेत. शिवाय २०१६ च्या मानकाप्रमाणे बेळगाव भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतं, त्यामुळे कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची रचनाही कागदावर ठरलेली पाहिजे.

ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येतं आणि गवंडी-फिटर सुतात (इंचाच्या आठव्या भागात) बोलतात. १० मिमी म्हणजे तीन सूत, १२ म्हणजे चार, १६ म्हणजे पाच, ८ म्हणजे अडीच सूत. गँग बैलहोंगल-गोकाककडची असेल तर वाळूला उसुकु म्हणतील, पण सूत-इंच सगळ्यांना कळतं. प्रत्येक कॉलमचं माप, सळया किती आणि रिंगा किती इंचांवर, हे एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून जागेवर टांगा. ड्रॉइंगची सुरळी कपाटातच राहते.

सळई तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मिमी: ०.८८८ किलो, १२ मीटरची अख्खी सळई १०.६५ किलो. ८ मिमी: ०.३९५ किलो, अख्खी ४.७४ किलो. एक मीटर तुकडा कापून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. ८-१० मिमीला ७ टक्के, १२-१६ मिमीला ५ टक्के फरक मानकात चालतो. १२ ची म्हणून आणलेली सळई मीटरला ८०० ग्रॅम भरली तर ती गाडी परत पाठवा.

रिंगेचं हुक बघा. फिटरला ९० अंशात दुमडणं सोपं जातं. ते १३५ अंशात, गाभ्याच्या आत वळलेलं आणि तीनेक इंच लांब हवं. भूकंपात काँक्रीटची बाहेरची कातडी सुटते तेव्हा ९० अंशाचं हुक उघडतं आणि रिंग निकामी होते. कॉलमच्या सळईचा जोड मजल्याच्या अगदी बुडाशी देतात, तो उंचीच्या मधल्या भागात घ्या, आणि सगळ्या सळयांचे जोड एकाच पातळीवर नकोत.

छज्जा आणि बाल्कनी: मुख्य सळई वर असते. काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते आणि सेंट्रिंग काढल्यावर छज्जा भिंतीलगत वरून फाटतो. सळईची खुर्ची करून दर दोन-अडीच फुटांवर वरच्या जाळीला आधार द्या, आणि चालायला फळ्या टाका. कव्हरला (सळईच्या बाहेर काँक्रीटचा जो थर राहायला हवा त्याला) खडीचा तुकडा सरकवू देऊ नका. सिमेंटचे ठोकळे: स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५० मिमी.

हिशेबवही

आलेला दर खरा आहे का, हे साहित्याच्या ढोबळ हिशेबावरून लगेच कळतं. साध्या आरसीसी घराला चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट, साडेतीन ते चार किलो सळई, १.८ घनफूट वाळू, १.३५ घनफूट खडी. तुमच्या ८५० ला:

सिमेंट ३४० पोती
सळई ३ ते ३.४ टन
वाळू किंवा एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) १५ ब्रास
खडी साडेअकरा ब्रास

काळ्या मातीमुळं पायात यापेक्षा थोडं जास्तच जाईल. कोणी "दोन टनात बसवतो" म्हणाला तर कुठल्या ड्रॉइंगवरून ते विचारा.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. टिपरच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकाराला १०० नं भागा. १०×६.५×३ म्हणजे १.९५ ब्रास, "दोन ब्रासची गाडी" बरोबर आहे. उंची मध्ये नाही, चारही कोपऱ्यांत लोखंडी सळई खुपसून मोजा, कारण मध्ये ढीग आणि कडेला खोल असतं. गाडी रिकामी व्हायच्या आत मोजा, नंतर मोजून उपयोग नाही.

स्लॅबच्या दिवशी मात्र रजा काढाच. ८५० चौ. फूट, ५ इंच जाडी, म्हणजे ३५४ घनफूट, १० घनमीटर. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) ला घनमीटरला ८ पोती धरली तर निव्वळ स्लॅबला ८० पोती, बीमची वेगळी. संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजा. स्लॅब-बीम मिळून ७० च भरल्या तर काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडलंय. मापाला घमेली नकोत, आतून १५×१२×१२ इंचांचा लाकडी फर्मा करून घ्या. त्यात ३५ लिटर बसतात, तेवढंच एक पोतं सिमेंट. एका पोत्याला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी, २५ लिटरच्या आसपास पाणी. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी. काँक्रीट घमेल्यातून घसरत नाही म्हणून मिक्सरवाला पाईप सोडतो. तिथं उभं राहून थांबवायचं ते एवढंच, बाकी त्यांना काम येतं.

घटप्रभेकाठी

सगळ्या गुत्तेदारांना एकाच दावणीला बांधू नका. चांगल्या गुत्तेदाराकडं स्वतःचे सेंट्रिंगचे पत्रे आणि जॅक असतात, कायमची गँग असते, दुकानात उधारी चालते. मजुरीवरच्या कामात सेंट्रिंग भाड्यानं येतं आणि भाडं दिवसावर असलं की सगळ्यांनाच ते लवकर काढायची घाई होते. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस ठेवायचे असतात. आपल्याकडं बहुतेक पोती पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची. ते सावकाश पकडतं, म्हणून याहून जास्तच ठेवायला हवेत. स्वतःचे जॅक असलेला माणूस २१ दिवस निवांत ठेवतो.

आणि मालकांमुळंही काम बिघडतं. लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी) झाल्यावर खिडकी सरकवायची, वास्तू बघून संडास हलवायचा, हप्ता तीन आठवडे लांबवायचा, आणि उशीर झाला म्हणून भांडायचं. नकाशा गोठवल्याशिवाय कुणालाच काम देऊ नका. जिना, स्वयंपाकघराचा कट्टा, संडास आणि नळाच्या जागा जमिनीवर चुन्यानं आखून, घरातल्या बायकामाणसांना त्यातून चालवून बघा. बदल करायची वेळ तीच.

करारनामा

पर्याय १ किंवा ३ घेतलात तर ई-स्टॅम्पवर करार. कन्नडमध्ये असला तर सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचून घ्या. दराचं कलम एका ओळीचं असतं, मोजमापाचं कलमच नसतं आणि वाद तिथंच होतो. बाहेरच्या भिंतीपासून मोजणार का? बाल्कनी पूर्ण की अर्धी? जिन्याची टोपी (वरचं छप्पर), पॅरापेट (गच्चीचा कठडा), पोटमाळा, संप (जमिनीखालची पाण्याची टाकी), सेप्टिक टाकी, कंपाउंड, गेट दरात की वेगळं? प्रत्येकाचं उत्तर लिहा.

साहित्याला "चांगल्या प्रतीचं" हा शब्द खोडा. सळई एफई ५०० डी, काँक्रीट एम २० पेक्षा कमी नाही, बाहेरचा गिलावा दोन हातांत २० मिमी, वायर कुठल्या जाडीची, फरशी चौरस फुटाला किती रुपयांपर्यंत. जादा कामाचे दर आजच ठरवा: खोदाई ब्रासला, काँक्रीट घनमीटरला, वीटकाम घनफुटाला.

हप्ते साधारण असे बांधा: सुरुवातीला १० टक्के, प्लिंथ झाल्यावर १५, लिंटेलला १०, स्लॅब भरल्यावर २५, भिंती-पॅरापेटला १०, गिलाव्याला १५, फरशी-दारं-रंगाला १०, आणि शेवटचे ५ टक्के एक अख्खा पावसाळा गेल्यावर. दिलेला पैसा कधीही झालेल्या कामाच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. पाया खोल जात असेल तर प्लिंथचा हप्ता थोडा वाढवा, नाहीतर ठेकेदार तिथंच अडकतो आणि पायातच काटकसर करतो. कामगारांची अपघात पॉलिसी कोण काढणार हेही करारात हवं. मजुरीवर काम असेल तर तुम्हीच काढा.

ओळंबा

यात एक भर घालतो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. नकाशा काढणारा, गुत्ता घेणारा आणि तपासणारा एकच माणूस असेल तर तपासणी होतच नाही. इंजिनिअर वेगळा धरा, त्याची फी तुम्ही द्या. रोज नको, सहा फेऱ्या पुरतात: खड्ड्याचा तळ बघायला, फुटिंगची सळई, प्लिंथ बीमची सळई, पहिल्या कॉलमच्या रिंगा, स्लॅबची सळई काँक्रीटच्या आदल्या दिवशी, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग. प्रत्येक फेरीनंतर वहीत सही. सही पडल्याशिवाय पुढचं काँक्रीट नाही, हे कलम करारात. सळई एकदा काँक्रीटमध्ये गाडली की मग कुणी काहीच सिद्ध करू शकत नाही.

मृगाआधी

दिवाळीनंतर सुरुवात योग्य. नोव्हेंबरात पाया, डिसेंबरअखेर प्लिंथ, फेब्रुवारीत स्लॅब, मार्च-एप्रिलमध्ये भिंती आणि आतला गिलावा, मेच्या मध्याला बाहेरचा गिलावा आणि गच्चीचा कोबा. मृग लागायच्या आत बाहेरचं अंग बंद झालंच पाहिजे. विटा जानेवारी-फेब्रुवारीतच घेऊन रचून ठेवा. पाऊस पडला की भट्ट्या बंद होतात आणि उरलेला माल निवडीचा नसतो.

पाणी मारायला माणूस कोण, हे दोन्ही पद्धतींत कुणाच्याच यादीत नसतं. पीपीसीला निदान १० दिवस, उन्हाळ्यात १४. स्लॅबवर सिमेंट-मातीचे वाफे करून दोन इंच पाणी उभं ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा, नुसतं पाईपनं मारलेलं पाणी तासात वाळतं. मार्चनंतर टँकर लागेल, तो खर्च आत्ताच धरा.

पाऊस आपल्याकडं नैर्ऋत्येकडून झोडपतो. पश्चिम आणि दक्षिण भिंतींना दोन फुटांचे छज्जे, खाली पाणी तुटायला खाच. कॉलम आणि वीट जिथं भेटतात तिथं गिलाव्याआधी कोंबडीजाळी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच. ती राहिली तर पहिल्याच वर्षी उभी चीर, आणि ओल तिथूनच आत येते. जांबोटी-कणकुंबीकडं, जिथं पाऊस फार पडतो तिथं, बांधणारे हा धागा वाचत असतील तर सपाट गच्चीचा हट्ट सोडा. स्लॅबवर लोखंडी कैची आणि मंगळूरी कौलं.

यळ्ळूर_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्याय ३ नक्की करतोय, इंजिनिअर वेगळा, सांगाडा गुत्त्यानं, वीटकामापासून पुढं मजुरीवर. शेवटचा प्रश्न: संप आधी की शेवटी? आणि विटांचा चालेल का?

लाल_माती

आधी. जेसीबी एकदाच येतो आणि पाणी मारायला तीच टाकी उपयोगी पडते. आतून ६×६×५ फूट म्हणजे १८० घनफूट, ५१०० लिटर. काळ्या मातीत विटांचा नको. पावसात बाहेरची माती फुगून दाबते आणि आत पाणी कमी असलं की विटांची भिंत आत येते. तळ आणि भिंती सळईच्या काँक्रीटच्या, ६ इंच. सेप्टिक टाकीपासून जागेच्या दुसऱ्या टोकाला.

ओळंबा

आणि कॉलमच्या फुटिंगला चिकटून खोदू नका. संपाचा तळ फुटिंगपेक्षा जितका खाली, निदान तितकं अंतर फुटिंगच्या कडेपासून सोडा, नाहीतर फुटिंगखालचा मुरूम खड्ड्यात सरकतो. ३० फूट रुंदीत पुढच्या मोकळ्या जागेत बसेल. गाडी त्याच्यावर उभी राहणार असेल तर झाकणाचा स्लॅब इंजिनिअरकडून वेगळा काढून घ्या. खड्डे घेतले की मुरूम किती फुटांवर लागला ते इथं लिहा, मग फुटिंगचं बघू.